मंडळीचें वर्तमान

वाचनपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १४:१९-२८, योहानाचें तिसरें पत्र.



प्रेषित पौल आणि बर्णबा आपली पहिली फेरी संपवून अंत्युखियास परत आले, तेव्हां त्यांनीं मंडळीला एकत्र जमविलें आणि देवानें आपल्या हातून काय काय करविलें तें सारें तिला सांगितलें. लूक हें थोडक्यांत सांगून पुढें जातो. पण त्या थोडक्यामागें काय आहे तें पाहावें. लुस्त्र नगरांत पौलावर दगडांचा वर्षाव झाला होता. तो मेला असें समजून लोकांनीं त्याला नगराबाहेर ओढून टाकिलें होतें. असा मनुष्य परत आल्यावर आधीं आठ दिवस अंथरुणावर पडून राहता, तर त्याला कोणीं बोल लाविला नसता. परंतु ज्या मंडळीनें उपास व प्रार्थना करून आपणांस पाठविलें तिला वर्तमान कळलें पाहिजे, तो तिचा अधिकार आहे, असें त्या दोघांनीं मानिलें. आणि त्यांनीं केवळ यशाचेंच वर्तमान सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. अंगावरचे वण तर सर्वांना दिसतच असतील.

'वर्तमान' हा आमच्या भाषेंतला मोठा जिव्हाळ्याचा शब्द आहे. पत्राच्या शेवटीं तिकडचें वर्तमान कळवावें असें आमचे वडील लिहीत. ज्यांनीं पवित्र शास्त्र मराठींत आणिलें त्यांनीं याच शब्दाला 'शुभ' जोडून ख्रिस्ताच्या वार्तेस नांव दिलें. तेव्हां शुभवर्तमान आणि मंडळीचें वर्तमान हीं एका घरचीं भावंडें होत. एकाला उच्चासन द्यावें आणि दुसरें चार ओळींत कसेंतरी उरकावें, हें बरें नव्हे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांकडून जें वर्तमान येतें तें बहुधा एका सांच्याचें असतें. पहिल्या पिकाचा सण थाटानें झाला. पाहुणे आले, त्यांस हार घालण्यांत आले. मंदिराला रंग दिला. बाप्तिस्मे झाले. शेवटीं भोजन होऊन आभार मानण्यांत आले. हें वाचून आम्हांस आनंद होत नाहीं असें नाहीं. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागांतील एखाद्या मंडळीनें ज्वारी पायलीपायलीनें जमवून छपराचे पत्रे घेतले, तर ती गोष्ट छापण्याजोगीच आहे. पण अशा पत्रांत एक गोष्ट कधीं येत नाहीं. सणाला कोण आलें हें येतें. कोण आलें नाहीं हें येत नाहीं. आज त्या न आलेल्यांविषयीं बोलावें असें आम्हीं योजिलें आहे.

योहानाचें तिसरें पत्र हातांत घ्या. तें इतकें लहान आहे कीं दोन भाकरी थापून होण्याच्या आंत वाचून होतें. एका ठिकाणच्या मंडळीचें तें वर्तमानच आहे. गायस नांवाचा बंधु वाटसरू प्रचारकांस घरांत घेतो. ही गोष्ट त्याच प्रचारकांनीं येऊन सांगितली, आणि वृद्ध योहानाला फार समाधान झालें. त्यांच्या पुढच्या वाटेचीही सोय करून द्यावी असें तो गायसाला सांगतो. दियत्रफेसाची तऱ्हा निराळी. त्याला पुढारपणाची हौस. तो स्वतः कोणास घरांत घेत नाहीं, घेणाऱ्यांस आडवितो, इतकेंच नव्हे तर त्यांस मंडळीबाहेर घालवितो. देमेत्रियाविषयीं सर्वांचें मत चांगलें आहे. झालें, इतकेंच वर्तमान. सभासदांची संख्या नाहीं, वर्गणीचा आंकडा नाहीं. कोणाचें दार उघडें आहे, कोणाचें बंद आहे आणि बंद दारामुळें बाहेर कोण उभा राहिला आहे, एवढेंच त्या म्हाताऱ्याला कळवावेंसें वाटलें.

पौलाच्या पत्रांतही असेंच. फिलिप्पैच्या मंडळीनें एपफ्रदीताला पौलाकडे पाठविलें. तो तेथें मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. त्याच्या दुखण्याची खबर गांवीं मंडळीला लागली. आणि त्यांना ती लागली हें कळून तोच बिचारा अधिक कष्टी झाला. मंडळी असावी ती अशी! इकडे एकाला ताप आला तर तिकडे सर्वांना झोंप नाहीं, आणि त्यांना झोंप नाहीं म्हणून तापाच्या मनुष्याला चैन नाहीं. आज आमच्या खेड्यांतील मुलगे चाकणला, पुण्याला, मुंबईला कामास आहेत. आठजणांत एक खोली भाड्यानें घेऊन राहतात. त्यांपैकीं एकजण पंधरा दिवस पडून होता ही गोष्ट गांवच्या मंडळीला केव्हां कळते? पुष्कळदां तो बरा होऊन दिवाळीच्या सुट्टींत घरीं आल्यावर.

आतां मेथॉडिस्ट बंधूंच्या इतिहासांतील एक हकीकत सांगतों. आमच्या भागांतील जुन्या मंडळ्या दुसऱ्या मिशनांनीं स्थापिलेल्या आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. छत्रपतींचें सातारचें राज्य इंग्रजांनीं १८४८ सालीं खालसा केलें आणि पुढल्याच वर्षीं अमेरिकन मराठी मिशननें सातारा येथें ठाणें घातलें. सांगलीस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन १८८४ सालीं आलें आणि मिरजेचें रुग्णालय त्याच मिशनच्या डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं उघडलें. पुढें १९२४ सालीं उत्तर व पश्चिम भारतांतील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तींत मेथॉडिस्टांची एक शाखा आली. दुसरी, संख्येनें मोठी, बाहेर राहिली, व १९८१ पासून ती भारतांतील मेथॉडिस्ट चर्च या नांवानें चालते. दारावरची पाटी कोणतीही असो, पुढील हकीकत सर्वांच्या उपयोगाची आहे.

जॉन वेस्ली यांनीं इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं एक प्रार्थनामंदिर बांधिलें होतें. तें बांधतांना कर्ज झालें. तें फेडावें कसें याचा विचार करण्यासाठीं १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं मंडळी बसली. कॅप्टन फॉय या नांवाचे एक गृहस्थ, दर्यावर्दी असावेत, म्हणाले कीं प्रत्येकानें आठवड्याला एक पेनी द्यावी, म्हणजे कर्ज फिटेल. कोणी म्हटलें, पुष्कळजण इतके गरीब आहेत कीं त्यांस पेनीही जड आहे. तेव्हां फॉय यांनीं सुचविलें कीं सर्वांत गरीब असे अकराजण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्यास त्यांच्या घरीं जाईन. देतील तें घेईन आणि न देतील त्यांचें मी भरीन. दुसऱ्यांनींही असेंच अकरा अकरा शेजारी घ्यावे. अकरा आणि एक, बारा. त्या बाराजणांस ते 'क्लास', म्हणजे वर्ग, म्हणूं लागले.

पुढें जें झालें तें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. पेनी मागावयास गेलेले लोक घरांत जाऊं लागले, आणि घरांत गेल्यावर घर दिसूं लागलें. एकाच्या घरीं दारूचें मडकें पुन्हा आलें होतें, दुसऱ्याच्या घरीं भांडण चाललें होतें, तिसऱ्याकडे चूल पेटली नव्हती. ही बातमी वेस्ली यांच्या कानीं आली तेव्हां त्यांनीं ओळखिलें कीं ज्या गोष्टीची आपणांस इतके दिवस उणीव होती ती हीच. हजारों माणसें प्रवचन ऐकून जात, पण त्यानंतर त्यांचें काय होतें हें पाहणारा कोणी नव्हता. तेव्हांपासून वर्गाचा नायक हा वसुलीचा कारकून न राहतां लहानसा पाळक झाला. कर्ज फिटण्यासाठीं निघालेली युक्ति माणसें राखण्याच्या उपयोगी पडली. देव पुष्कळदां आमच्या हिशेबाच्या वह्यांतूनही आंत शिरतो.

ही रीत मुंबईसही आली. विल्यम टेलर हे मेथॉडिस्ट उपदेशक १८७१ सालीं मुंबईस आले. त्यांच्या सभांनीं ज्यांचीं मनें पालटलीं त्यांच्या लहान लहान टोळ्या घरोघरीं जमूं लागल्या, आणि त्यांतून १८७२ सालीं मंडळी उभी राहिली. त्याच वेळीं त्यांस येऊन मिळालेले जॉर्ज बोवेन हे पूर्वीं आमच्या साताऱ्याच्या मिशनचेच, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे, १८४८ पासूनचे मिशनरी होते. मिशनचा पगार सोडून ते मुंबईच्या बाजारवस्तींत गरिबांसारखे राहिले आणि १८८८ सालीं वारले. ज्याला लोकांचें वर्तमान हवें त्यानें लोकांच्या आळींत राहावें लागतें, हें त्यांनीं ग्रंथ लिहून नव्हे, खोली भाड्यानें घेऊन दाखविलें.

कोणी म्हणेल, पेनी आणि ब्रिस्टल आमच्या काय कामाचीं? आमच्या खेड्यांतील कित्येक ख्रिस्ती घरीं बायका दळतांना किंवा भात वैरतांना देवासाठीं एक मूठ बाजूला काढून ठेवीत, आणि आठवड्याला कोणी तरी येऊन तें धान्य घेऊन जाई. आतां पाकिटें आलीं, बँकेंत परस्पर पैसे भरण्याची सोय झाली. सोय झाली हें खरें. तथापि पाकीट मंदिराच्या पेटींत पडतें, आणि मूठ घेणाऱ्याला घरांत जावें लागे. त्याला कळे कीं मागल्या आठवड्यास गहू होता, या आठवड्यास मिलो आहे, आणि पुढल्या आठवड्यास डबा रिकामा होता म्हणून बाई दाराआडून बाहेर आली नाहीं. अर्पण कमी झालें ही बातमी खजिनदाराची; डबा रिकामा कां झाला ही बातमी मंडळीची.

जत, आटपाडी, माण या बाजूस राहणाऱ्या बांधवांस धनगरांची राहणी आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. सांज झाली कीं मेंढरें वाघुरींत घालतात. धनगर मोजतो, आणि मोजण्याच्याही आधीं त्याला कळतें, कारण तो आंकडा ओळखत नसून तोंडें ओळखतो. लूकच्या पंधराव्या अध्यायांतील मेंढपाळाविषयीं आम्हीं पुष्कळ प्रवचनें ऐकिलीं आहेत. तो एकासाठीं नव्याण्णव सोडून गेला, त्यानें तें खांद्यावर घेतलें, शेजाऱ्यांना बोलाविलें, हें सर्व आमच्या पाठ आहे. पण त्याच्या प्रीतीची पहिली खूण याच्याही आधींची आहे. शंभर होतीं हें त्याला ठाऊक होतें. ज्या मेंढपाळाला "असतील नव्वद-शंभर" एवढेंच ठाऊक, त्याचें मेंढरूं हरवतच नाहीं. तें नुसतें नसतें.

आमच्या मंडळ्यांतून असे नुसते नसलेले किती आहेत? जमिनींच्या दाव्यांच्या पुढल्या तारखा पंचकमिटीला तोंडपाठ असतात. परंतु गेल्या वर्षभरांत प्रभुभोजनास न आलेल्यांचीं नांवें विचारावीं तर एकमेकांकडे पाहतात. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा आणि वारणा फुगल्या. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें उठलीं. आपल्यापैकीं कोणतें कुटुंब कोणत्या शाळेंत, कोणत्या पाहुण्यांकडे, कोणत्या गच्चीवर आहे, हें त्या आठवड्यांत मंडळीच्या कोणाला सांगतां आलें असतें? पुढल्याच वर्षीं मार्च महिन्यांत महामारीमुळें मंदिरांचीं दारें बंद झालीं, तेव्हां तोच प्रश्न पुन्हा आला. पूर आणि रोग यांस पटावरची हजेरी ठाऊक नसते. ती आम्हांस आधींपासून ठाऊक असावी लागते.

न येणाऱ्यांपैकीं कित्येकांचें कारण साधें असतें. म्हातारीच्या गुडघ्यांत कळा येतात आणि तिला धरून आणावयास कोणी नाहीं. शेताला पाणी देण्याची पाळी रविवारीं सकाळीं येते. कोणी सोयरिकीच्या भांडणावरून रुसलेला असतो. तो मंदिराच्या बाजूनें जातांना मान वळवितो, आणि कोणी तरी हांक मारावी म्हणून चाल मंद करितो. यांच्याविषयीं फार लिहावें लागत नाहीं. जाऊन बसावें, चहा प्यावा, आणि पुढल्या रविवारीं वाटेंत त्यांच्या दारीं थांबावें.

परंतु एक प्रकार कठीण आहे आणि त्याविषयीं आमचीं पत्रें मुकीं असतात. तो म्हणजे वहींतल्या नांवाचा.

या जिल्ह्यांतील पुष्कळ ख्रिस्ती घराणीं महार व मांग समाजांतून आलेलीं आहेत. ज्या आज्याला गांवच्या पाणवठ्यावर चढूं दिलें नाहीं, तो ख्रिस्ती झाला म्हणून पाणवठा त्याला विसरला नाहीं. आळी तीच राहिली, शिवी तीच राहिली. परंतु १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींविषयीं जो आदेश काढिला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदान्वयें हिंदु धर्माखेरीज इतर धर्म मानणारास अनुसूचित जातीचा समजावयाचें नाहीं असें ठरलें. पुढें १९५६ सालीं शिखांसाठीं आणि १९९० सालीं बौद्धांसाठीं तो परिच्छेद बदलण्यांत आला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हा प्रश्न तपासण्यासाठीं २०२२ सालीं केंद्र सरकारनें माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमिला. हा झाला कायदा. त्याचा खेड्यांतला अर्थ असा कीं मुलीची शिष्यवृत्ति, मुलाची नोकरी, ग्रामपंचायतींतील राखीव जागा, यांपैकीं कांहीं तरी गेलें तर मागें काय उरतें, याचा हिशेब चुलीपाशीं बसून करावा लागतो. कित्येक घरांत या हिशेबापायीं बाप वहींत आहे आणि मुलगा वहींत नाहीं. मुलगा रविवारीं येतो, मागें सतरंजीच्या कडेला बसतो, गीतें पाठ म्हणतो, आणि प्रभुभोजनाच्या आधीं उठून जातो.

अशा मनुष्याचें वर्तमान मंडळीनें कसें ठेवावें? आमचें मत स्पष्ट सांगतों. सरकारच्या कागदांवर खोटें लिहा असें कोणाही पाळकानें कोणाला शिकवूं नये. ज्याला सत्य बोलावयास सांगितलें आहे त्याच्याकडून असत्याची शिकवण शोभत नाहीं, आणि त्या असत्याचा भार तो गरीब मनुष्य एकटाच वाहतो. परंतु त्याच तोंडानें हेंही म्हटलें पाहिजे कीं असें कोणाचें नांव उघड करण्याची धमकी देणें हें ख्रिस्ती मनुष्याचें काम नव्हे. पंचकमिटीच्या निवडणुकींत विरुद्ध बाजूच्या घरावर हें शस्त्र उगारलें जातें, असें आमच्या कानांवर आलें आहे. मत दे, नाहीं तर तुझ्या पोराचा दाखला तहशिलींत दाखवितों! योहानाच्या पत्रांतील दियत्रफेस मेला असें कोणीं समजूं नये.

आणि जो सतरंजीच्या कडेवरून उठून जातो त्याच्या घरीं जावें. वही घेऊन नव्हे. त्याच्या मनांत काय ओढाताण चालली आहे ती त्यानें सांगितली तर ऐकावी, न सांगितली तर त्याच्या म्हशीची चौकशी करावी. ज्याला किंमत देणें पडत नाहीं त्यानें किंमतीवर लांबलचक बोलूं नये. पाळकाचा स्वतःचा मुलगा कोणत्या सवलतीवर शिकतो, हें खेड्यांत सर्वांना ठाऊक असतें.

साताऱ्याच्या लोकांस याविषयीं एक जुना दाखला जवळचाच आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधल्या पांच वर्षांत त्या बाईनें काय सोसलें, कितीदां मन पुढें गेलें आणि मागें आलें, हें त्यांनींच 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत मोकळेपणानें लिहिलें आहे. त्या पांच वर्षांत कोणत्याही मंडळीच्या वहींत त्यांचें नांव नव्हतें. म्हणून त्या देवाच्या हिशेबांत नव्हत्या असें कोण म्हणेल? पुढें १९१७ सालीं टिळकांनीं मिशनच्या पगाराची नोकरी सोडिली, ते साताऱ्यास येऊन राहिले, आणि तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडिला. त्या दरबारांत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे अनुयायी भाऊभाऊ म्हणून बसावे, असा त्यांचा मनसुबा होता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते वारले आणि दरबार फारसा वाढला नाहीं. बाप्तिस्म्याचें महत्त्व त्यामुळें कमी होतें कीं काय, असा वाद त्या वेळीं झाला, आणि आमच्या मतें तो वाद अगदींच निरर्थक नव्हता. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, ती आम्हांस मोडतां येत नाहीं. तरी टिळकांनीं जी जागा पाहिली ती खरोखर आहे. दाराच्या आंत आणि दाराच्या बाहेर यांच्यामध्यें ओसरी असते, आणि ओसरीवर बसलेल्यालाही घरांतल्या माणसांनीं पाणी विचारावयाचें असतें. टिळक १९१२ पासून मरेपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. बातम्या छापणें हें त्यांचें रोजचें काम होतें. छापावयाची बातमी आणि जपावयाची बातमी यांतला भेद त्यांच्यापेक्षां अधिक कोणाला कळला असेल?

हा भेद आज फार कळला पाहिजे. पूर्वीं कुजबूज विहिरीपासून चावडीपर्यंत जावयास दोन दिवस घेई. आतां मोबाईलवर मंडळीचा गट असतो, आणि बाप्तिस्म्याचें छायाचित्र ओला मनुष्य कोरडा होण्याच्या आंत तालुकाभर फिरतें. काढणाऱ्याच्या मनांत आनंदच असतो. पण त्या मनुष्याच्या भावकीला तें कसें कळेल, त्याच्या शेतमालकाला कसें कळेल, हें त्याला विचारलें होतें काय? त्याच गटावर सुनेचें माहेरीं जाणें, कोणाची दारू, कोणाचें कर्ज, हीं 'प्रार्थनेसाठीं विनंति' या नांवाखालीं येतात. ज्याच्यासाठीं प्रार्थना मागितली तो घरीं बसून तें वाचीत असतो. यानंतर तो मंदिरांत येईल काय?

करिंथ येथील भांडणाची बातमी पौलाला ज्यांनीं दिली त्यांचें नांव तो सांगतो: क्लोवेच्या घरचीं माणसें. कोणी निनांवी पत्र टाकिलें नाहीं. ज्यांनीं सांगितलें त्यांनीं नांवानिशीं सांगितलें, आणि ज्याच्या हातीं दुरुस्ती होती त्यालाच सांगितलें. फिलिप्पैच्या मंडळींत युवदिया आणि सुंतुखे या दोन बायांचें पटेना. पौल त्यांचीं नांवें घेतो, पण भांडण कशाचें तें एका अक्षरानेंही लिहीत नाहीं. दोन हजार वर्षें टीकाकार तर्क करीत बसले, पौलानें गांठ सोडिली नाहीं. आणि योहान आपल्या त्या लहान पत्राच्या शेवटीं म्हणतो कीं लिहिण्यासारखें पुष्कळ आहे, पण शाई व लेखणी यांनीं लिहावें असें वाटत नाहीं. लवकर भेटूं आणि तोंडोतोंड बोलूं. प्रचारक बंधूंनीं हें पत्र महिन्यांतून एकदां, मोबाईल बाजूला ठेवून, वाचावें.

तेव्हां काय करावें हें आतां थोडक्यांत सांगतों. एका पाळकाकडे आठ आठ, दहा दहा गांवें आहेत. त्याच्यानें सर्व घरीं जाववत नाहीं, आणि त्यानें जावें म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. वेस्ली यांचा अकरा-आणि-एक हाच हिशेब धरावा. खेडें लहान असेल तर पांच-आणि-एक. प्रत्येक गांवीं वाचतां-लिहितां येणारी असो वा नसो, पण जिला लोक आंत येऊं देतात अशी एक बाई आणि असा एक पुरुष निवडावा. निवडतांना भाषण करणारा निवडूं नये. त्यांनीं आपापल्या घरीं आठवड्यांतून एकदां जावें. वही ठेवावी, वहींत नांव, गांव, शेवटचें कधीं भेटलों, एवढेंच असावें. घरांत काय ऐकिलें तें वहींत लिहूं नये. पाळक येईल तेव्हां तें त्याला समोर बसून सांगावें. आणि सर्वांत गरीब अशीं घरें मंडळींतील सर्वांत सधन वडिलांनीं मागून घ्यावीं, कॅप्टन फॉय यांनीं मागितलीं तशीं. ही शेवटली अट बहुतेक ठिकाणीं गाळली जाईल असा आम्हांस संशय आहे, म्हणून ती पुन्हा लिहितों: सर्वांत गरीब घरें वडिलांकडे.

पावसाळा संपला कीं साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरूं होतो. जत आणि माण या बाजूंचीं कांहीं कुटुंबें कोयता घेऊन निघतील. मुकादमाची उचल घेतलेली असल्यामुळें चार-पांच महिने त्यांना परततां येणार नाहीं. तीं निघण्यापूर्वीं त्यांच्या घरीं जाऊन कारखान्याचें नांव, मुकादमाचें गांव आणि बरोबर किती मुलें जात आहेत हें विचारून ठेवावें. म्हातारीं माणसें मागें राहत असतील तर त्यांचीं नांवें त्याच आठवड्यांत कोणाच्या तरी वांट्यास द्यावीं. कृष्णाकांठच्या मंडळ्यांनीं आपल्या शिवारांत टोळ्या उतरल्या कीं कोप्यांवर जाऊन यावें. मराठवाड्यांतून आलेल्या टोळ्यांत एखादें ख्रिस्ती घर असल्यास तें आपण होऊन सांगणार नाहीं. त्यांचा दिवस पहांटे उसाच्या फडांत उगवतो आणि गाडी भरून गेल्यावर मावळतो, रविवार कोणता हें त्यांस कळतही नाहीं. उपासनेची वेळ त्यांना सोयीची नसेल तर संध्याकाळीं कोपीपाशींच बसावें. त्यांच्या गांवच्या पाळकाचें नांव विचारून घ्यावें आणि अमुक कुटुंब आमच्याकडे आहे, सुखरूप आहे, पोराला खोकला होता तो बरा झाला, असें दोन ओळींचें पत्र त्याला पाठवावें.